पिशवी ठेवायची की काढायची? गाठी निघाल्यावर केलेला माझा हिशेब

धाकट्या जावेच्या सोनोग्राफीत गर्भपिशवीत फायब्रॉइडच्या, म्हणजे कॅन्सरच्या नसलेल्या, गाठी निघाल्या. रिपोर्टचा फोटो पाठवून तिनं खाली एवढंच लिहिलं, "अक्का, तुम्ही पिशवी काढलीत तेव्हा कसं ठरवलं?" मी पतसंस्थेत कॅशच्या खिडकीवर होते, समोर रांग होती. रात्री ओटा आवरून उत्तर लिहायला बसले आणि ते तिच्या एकटीपुरतं राहिलं नाही.

फायब्रॉइड म्हणजे काय, गाठ भिंतीत असली तर काय आणि बाहेरच्या अंगाला असली तर काय, हे डॉक्टरांनी कागदावर उलट्या पेरूसारखं चित्र काढून तुम्हालाही समजावलं असेल. ते परत सांगत नाही. गाठ आहे पण त्रास काहीच नाही, अशी गत असेल तर बहुतेकदा वर्षाकाठी एकदा तपासून घेतलं की भागतं, ऑपरेशनची घाई कशाला? मी लिहितेय ते 'आता काहीतरी करावंच लागेल' इथवर येऊन ठेपलेल्या बायकांसाठी. आणि मी डॉक्टर नाही, दोन वर्षांपूर्वी त्या टेबलावर झोपलेली बाई आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

माझं तेव्हाचं सांगते. वय 45, एक मुलगा, तोही सिझरचा. तीन गाठी, त्यांतली मोठी 8 सेंटीमीटरची. हिमोग्लोबिन 7.4. डॉक्टरीणबाई पोट चाचपून म्हणाल्या, "पिशवी चौदा आठवड्यांची झालीय." सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा झाला, की हे मोजमाप पिशवीच्या आकाराचं असतं, दिवस गेल्याचं नसतं, हे रिक्षात बसल्यावर सात रस्ता चौकापर्यंत समजावत आले.

त्रास म्हणाल तर पाळीचे चार दिवस नोकरी म्हणजे शिक्षा होती. कॅशची खिडकी सोडून वारंवार उठता येत नाही. पैसे मोजताना मध्येच उठलं की संध्याकाळी हिशेब जुळत नाही, आणि नाही उठलं तर साडीचं काय होईल ते सांगता येत नाही. खुर्चीवर घरून नेलेली गडद मरून सोलापुरी चादर चौघडी करून ठेवायची. सहकारी विचारायचे, मॅडम, खुर्ची टोचते का? हो म्हणायचे.

रिपोर्टात एक गोष्ट मात्र बघून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. गाठींना 0 ते 8 असे प्रकार दिलेले असतात. 0, 1, 2 म्हणजे गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावतेय. अशी गाठ लहान असेल तर पुष्कळदा खालूनच दुर्बीण घालून खरवडून काढता येते, पोटावर चिरा नाही, टाका नाही, बाई त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी घरी. तुमची गाठ त्यांतली असेल तर पिशवी काढायच्या गोष्टी आत्ताच कुणाच्या तोंडून ऐकू नका. आधी हे जमतं का तेवढं विचारा. माझी मोठी गाठ 4 नंबरची, म्हणजे पूर्ण भिंतीत रुतलेली. तो दरवाजा बंद होता.

गोळ्या-इंजेक्शनांचा रस्ता मी आधी चालून बघितला. ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्यांनी पूर ओसरायचा, पण गाठ जागच्या जागी. मग मिरेना बसवली, दिसायला कॉपर-टीसारखी, आत हार्मोन. जिला मानवते तिचं जाणं खरंच कमी होतं आणि ऑपरेशन टळतं. माझी तिसऱ्या पाळीला गुठळ्यांबरोबर बाहेर आली. गाठीनं पोकळी वाकडी केलेली असली की असं होतं. गाठ आटवणारी महिन्याची इंजेक्शनंही आहेत, ल्युप्रोलाइडची. ती थांबवली की गाठ परत फुगते, आणि चालू असताना अंगाची भट्टी होते. सोलापूरच्या मे महिन्यात ती घ्यायची माझी छाती झाली नाही. ऑपरेशनच्या आधी गाठ लहान व्हावी आणि रक्त भरून यावं म्हणून दोन-तीन महिने देतात, तेवढ्यापुरती ठीक.

तुमचं वय 48-49 असेल तर अजून एक विचार. पाळी कायमची गेली की गाठी बहुतेक आपोआप आकसतात. आपल्याकडे ती साधारण 46-47 ला जाते. वर्ष-दोन वर्षं गोळ्यांवर रेटता येत असेल तर रेटण्यात कमीपणा नाही. माझ्या आईची 52 ला गेली, म्हणून मी त्या भरवशावर राहिले नाही.

रक्तवाहिनी बंद करायची पद्धतही विचारून आले. मांडीतून नाहीतर मनगटातून बारीक नळी घालून गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत बारीक कण सोडतात, गाठ उपाशी राहून सुकते. 1995 मध्ये फ्रान्सच्या राविना यांनी फायब्रॉइडसाठी ही पद्धत मांडली, तेव्हा ती काही कालची नाही. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला गेले, तिथल्या डॉक्टरांनी छान समजावलं. पहिल्या दिवशी पोटात चांगलंच दुखतं, नंतर गाठ महिन्या-महिन्यानं लहान होत जाते, नाहीशी सहसा होत नाही. मूल हवं असेल तर ही पद्धत सहसा सुचवत नाहीत. परत येताना कुर्डुवाडीपर्यंत मी हो म्हणाले होते. पण गाठ आटायची वाट बघत बसायचं, आणि मधेच काही बिनसलं तर अडीचशे किलोमीटर गाठायचे, हे मनात बसेना. पुण्यात राहणारीनं मात्र हा पर्याय ओलांडून पुढं जाऊ नये.

राहिले दोन. गाठी काढून पिशवी ठेवायची, किंवा पिशवीच काढायची.

मला आधी गाठी काढणंच पटलं होतं, हे कबूल करते. बटाट्याला कीड लागली तर आपण तेवढा भाग कापतो, अख्खा बटाटा फेकतो का? वय 35 असतं किंवा अजून मूल हवं असतं, तर मी दुसरा विचारच केला नसता. आणि मूल नको असलं तरी 'माझी पिशवी मला ठेवायचीय' एवढं कारणही पुरेसं आहे. ते सांगायला बाईनं लाजू नये आणि डॉक्टरांनी हसू नये. मला एके ठिकाणी ऐकवलं गेलं, "पिशवीचं काम झालंय आता, कशाला जपताय?" मी पुढं पिशवी काढलीच, पण तिथं नाही काढली.

गाठी काढण्यात काय होतं? आंब्यातून कोय निघावी तशी गाठ तिच्या आवरणातून सोलून निघते, मग राहिलेला खड्डा थरा-थरानं शिवतात. गाठी जेवढ्या जास्त तेवढे चिरे जास्त, आणि पिशवी रक्तानं भरलेली चीज, त्यामुळं रक्त जायचं भय याच ऑपरेशनात मोठं. ते कमी जावं म्हणून व्हासोप्रेसिनचं इंजेक्शन टोचतात, कधी पिशवीच्या मानेशी तात्पुरती नळी आवळून बांधतात. तरी रक्ताच्या बाटल्यांची सोय करून ठेवायला सांगतात. संमतिपत्रात बहुतेक ठिकाणी एक ओळ असते, की रक्त आवरलंच नाही तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल. ही वेळ क्वचित येते. पण ओळ वाचून सही करा, नवऱ्यालाही वाचायला लावा. नंतर मूल हवं असेल तर काही महिने थांबायला सांगतात, आणि भिंतीला खोल चिरा गेला असेल तर बाळंतपण बहुधा सिझरनंच.

आणि गाठी परत येऊ शकतात. काढलेली गाठ परत येत नाही, पण ज्या तेव्हा तीळ-मोहरीएवढ्या होत्या, हाताला लागल्या नाहीत, त्या वाढतात. सगळ्यांनाच होतं असं नाही. मोठी एकच गाठ असली तर शक्यता कमी, लहान-मोठ्या बऱ्याच असल्या तर जास्त, आणि पाळी जायला जेवढी वर्षं बाकी तेवढा गाठींना वाव.

पिशवी काढण्याची बाजू सांगायला फार वेळ लागत नाही. पाळी बंद, त्या गाठी परत नाहीत. पण तीन प्रश्न तोंडानं विचारल्याशिवाय तारीख घेऊ नका.

बीजकोश ठेवणार ना? बायकांना वाटतं पिशवीबरोबर तेही जातात. चाळिशीत चांगले बीजकोश काढले की एका रात्रीत म्हातारपण अंगावर येतं, वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं. ठेवले तर हार्मोन चालू राहतात, फार तर पाळी जायचं वय थोडं अलीकडं येतं. माझे ठेवले. बीजनलिका मात्र काढल्या. बीजकोशाच्या कॅन्सरची सुरुवात बरेचदा नळीच्या टोकाशी होते, असं आता धरतात, म्हणून जाताजाता त्या काढून टाकतात. दुसरा प्रश्न, पिशवीचं तोंड ठेवणार की काढणार? ठेवलं तर त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची पॅप तपासणी पुढंही करत राहायची. तिसरा, ऑपरेशनच्या आधी पॅप आणि गरज असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासला का? पंचेचाळिशीच्या पुढं अंगावरून फार जात असेल तर ही तपासणी टाळून कुणी पिशवी काढायला निघालं, तर मी तरी उठून येईन.

आता माझ्या मनाचा काटा कशानं झुकला ते सांगते. वाचून हसाल. सोनोग्राफीच्या बाकड्यानं.

पोटावरची सोनोग्राफी भरल्या लघवीवर करतात. आतून करायची असते ती रिकाम्यावर, पण गाठ मोठी आणि वर चढलेली असली की पोटावरूनही बघावं लागतं, तेव्हा मला दर वेळी दोन्ही. माझ्या गाठीनं मूत्राशयाला आधीच अर्धं दाबून ठेवलेलं. घरून एक लिटर पाणी पिऊन निघायचं, स्कूटीवर मागं बसून प्रत्येक गतिरोधकाला देवाचं नाव घ्यायचं. पोचलं की नंबर सतरा, आत चालू आहे सहा. मधेच एखादी तातडीची बाळंतीण येते, तिला आधी घेतलंच पाहिजे, त्याला कोण काय म्हणणार. बाकड्यावर आम्ही चार-पाच जणी पायावर पाय घट्ट आवळून, कुणी कुणाशी बोलत नाही, पंख्याकडं बघत बसलेल्या. एकदा मला अगदीच धरवेना. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "थोडी करून या मावशी, पूर्ण नको."

थोडी! ज्या बाईला पाच मिनिटं धरवत नाहीय, तिनं आत जाऊन मापात करून यायचं. मी गेले. मापात झालं नाही. आत नंबर लागल्यावर डॉक्टरांनी पोटावर ते थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं आणि म्हणाले, "भरलेली नाही, बाहेर बसून पाणी प्या." बाहेर आले तर बाकड्यावर माझी जागा गेलेली. पाण्याच्या पिंपापाशी उभं राहून स्टीलच्या पेल्यानं सात पेले प्यायले. सातव्या पेल्याला डोळ्यांत पाणी आलं, ते पिंपातलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, गाठी काढल्या आणि पिशवी ठेवली तर ही सोनोग्राफी परत किती वेळा? त्या म्हणाल्या, "तुमच्या तीन गाठी आहेत, तेव्हा आधी सहा महिन्यांनी बघू, मग वर्षातून एकदा, पाळी जाईपर्यंत." आईच्या हिशेबानं सात वर्षं धरली. सात वेळा ते बाकडं, आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंतचा तो एक तास, परत काही निघालं का म्हणून. रक्त जाणं मी सोसलं होतं, टाके सोसले असते. हा तास मला सोसणार नव्हता. पिशवी काढायची, असं मी त्या खुर्चीवर सांगून टाकलं.

हे कारण काही डॉक्टरी पुस्तकातलं नाही. तुमच्या गावात सोनोग्राफीला वेळ ठरवून बोलवत असतील, किंवा तुमचा स्वभाव माझ्यासारखा घाबरट नसेल, तर माझ्या या मुद्द्याला तुमच्याकडं शून्य वजन आहे.

पिशवी काढायचं ठरलं तरी कशी काढायची हे उरतंच. तीन वाटा: खालून, दुर्बिणीतून, पोट उघडून. पिशवी फार मोठी नसेल तर खालून सगळ्यात चांगलं म्हणतात, पोटावर टाकाच नाही. माझी चौदा आठवड्यांची, वर सिझरचा जुना व्रण, मूत्राशय त्याला चिकटलेलं असण्याची भीती, म्हणून ते बाद झालं. दुर्बिणीचा खर्च आम्हाला पोट उघडण्याच्या जवळजवळ दीडपट सांगितला होता, तरी तीच घेतली. खर्च जमत नसेल तर सोलापुरात आपलं सिव्हिल आहे, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. खाजगीतही तुमचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसतं का, हे योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. तारीख ठरल्यावर विचारून उपयोग नाही.

दुर्बिणीतून करताना मोठी गाठ एवढ्याशा भोकातून बाहेर कशी येते? तुकडे करून. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2014 मध्ये तुकडे करण्याच्या यंत्राबद्दल इशारा दिला, कारण फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत क्वचित कॅन्सर निघतो आणि मग त्याचे कण पोटभर पसरू शकतात. म्हणून आता गाठ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग तिचे तुकडे करायला सांगतात. आमच्या ह्यांनी डॉक्टरांना विचारलं, "पिशवी पिशवीत घालून काढणार ना?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. माझ्या बाबतीत दुर्बिणीतून सुटी केलेली पिशवी खालूनच बाहेर काढणार, असं म्हणाल्या. काढलेली वस्तू तपासायला पाठवतातच, तो रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय फाइल बंद करू नका.

रक्ताचं म्हणाल तर 7.4 वर कुणी हात लावायला तयार नव्हतं. गोळ्यांनी फरक पडेना, मग लोहाची सलाईन दोनदा दिली. दीड महिन्यात 10.6 झालं, बाटली चढवावी लागली नाही. तुमची तारीख लांबवायची असेल तर ती या कारणासाठी लांबवा.

ऑपरेशनचं मला फार आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा उजवा खांदा ठणकत होता. पोट फुगवायला भरलेल्या गॅसनं असं होतं, दोन दिवसांत जातं, पण आधी कुणी सांगितलेलं नसलं की बाई घाबरते. तीन रात्री राहून घरी.

आणि घरी आल्यावर कळलं, की दुर्बिणीची एक भानगड कुणी सांगत नाही. पोट उघडून केलं असतं तर पोटावरची पट्टी बघून घरादारानं दीड महिना काडी उचलू दिली नसती. माझ्या पोटावर चार भोकं, एकेक बोटाच्या पेराएवढं. आठव्या दिवशी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "दुर्बिणीतून केलंय ना, मग काय, आता सगळं करत असाल." आतले टाके तेवढेच असतात हो! पिशवी काढल्यावर आत योनिमार्गाचं वरचं टोक शिवलेलं असतं, ते भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर वजन उचलायचं नाही, नवराबायकोनंही धीर धरायचा.

वजन न उचलणं सोलापुरात किती अवघड, ते बाहेरच्यांना कळणार नाही. इथं नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, कधी पहाटे, कधी रात्री बाराला, आणि आलं की घरातली प्रत्येक टाकी, हंडा, बादली, पातेलं भरून घ्यायचं. तिसऱ्या आठवड्यात पाणी रात्री आलं, हे आणि मुलगा गाढ झोपलेले. माझी मी उठले, मोटर लावली, आणि सवयीनं भरलेली बादली उचलली. मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत दहा पावलं. दुसऱ्या दिवशी अंगावर डाग दिसला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, टाके शाबूत होते, पण जे बोलणं खाल्लं ते जन्मभर पुरेल. तेव्हापासून पाणी भरणं मुलाकडं गेलं ते आजतागायत त्याच्याकडंच आहे. ऑपरेशनचा हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता.

एवढं सांगून मी सगळ्यांना पिशवी काढायला लावतेय, असं कुणी समजू नये. आपला साखर कारखान्यांचा पट्टा. जवळच्या बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या तरुण वयात सरसकट काढल्या गेल्याचं 2019 मध्ये गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2023 मध्ये तर गरज नसताना गर्भाशय काढणं रोखण्यासाठीच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. 'कॅन्सर होईल' म्हणून घाबरवून दोन दिवसांत दाखल व्हायला सांगणाऱ्यापासून दूर राहा. फायब्रॉइडचं ऑपरेशन सहसा दोन दिवसांत करण्याइतकं घाईचं नसतंच. दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि माझ्या बाजूचंही खोटं सांगणार नाही. दोन वर्षांत एकदाही पश्चात्ताप झाला नाही, पण पहिल्या वर्षी एकदा दिवाळीच्या तोंडावर लोणच्याच्या बरणीला हात लावू की नको म्हणून मी थांबले, मग आठवलं की आता तारीखच नाही. ते हलकं वाटणं होतं, आणि हलकंसं रडूही होतं, कशाचं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पाळी नसल्यानं ती कायमची जायची वेळ कधी आली याचा आता पत्ताच लागणार नाही, वाफा यायला लागल्या की समजायचं. लघवीला रात्री उठणं चारावरून एकावर आलं. हिमोग्लोबिन 12.1. खुर्चीवरची चादर घरी परत आली.

धाकटी जाऊ 38 ची आहे. एकच मुलगी, अजून एक हवं की नको हे दोघांचं ठरत नाहीय. दोन गाठी, एक 5 ची आणि एक लहान, हिमोग्लोबिन 9.8. तिच्या जागी मी असते तर आज पिशवीला हात लावू दिला नसता, हे मी तिला फोनवर सांगितलं. बाकड्याची गोष्टही सांगितली. ती इतकी हसली की शेवटी म्हणाली, "अक्का, आता मला लागली."

जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवणार आहे, मी सोबत जाईन. माझा पोटाचा पट्टा तिनं आत्ताच मागून ठेवलाय. धुऊन, वाळवून पिशवीत भरून ठेवला. दोन्हींतलं काहीही ठरलं तरी पट्टा कामी येईल.